पावसाच्या दिवसांत चेकराईडची तारीख कशी लावायची: खान्देशातल्या नव्या शिकाऊ वैमानिकांसाठी

जळगाव, धुळे, शिरपूर इथल्या धावपट्ट्यांवर विमान शिकायला आलेल्या मुलामुलींना मृग लागला की एकच घोर लागतो: तास भरले, सराव झाला, आता चेक (चेकराईड, म्हणजे परीक्षकांसोबतची उड्डाण-चाचणी) कधी? परीक्षकांची तारीख मिळते आणि नेमकं त्याच दिवशी आभाळ खाली उतरतं. मग कुणी चिडतं, कुणी रडकुंडीला येतं आणि कुणी म्हणतं, ‘जरा उघडलंय, निघू या.’ या तिघांपैकी शेवटच्याची मला खरी काळजी वाटते.

तारीख ठरवायला बसता तिथूनच तुमची चेकराईड सुरू होते, असं मी मानतो. हवेचा अंदाज बांधणं, दुसरी वाट हाताशी ठेवणं, वेळ असतानाच ‘आज नाही’ म्हणणं, हे सगळं परीक्षक पुढे हवेत तुमच्याकडून बघणारच आहेत. म्हणून हा भाग कुणा सीनिअरवर किंवा डिस्पॅचच्या (उड्डाणांच्या वेळा लावणाऱ्या) माणसावर सोडून देऊ नका. स्वतः करा.

आधी कागदांच्या मुदती

वही घ्या आणि कोणती गोष्ट कधी संपते ते लिहा. वैद्यकीय प्रमाणपत्र, रेडिओचा परवाना, लेखी पेपरांची मुदत. चाळिशीच्या आतल्यांचं क्लास वन मेडिकल १२ महिने चालतं, पण नूतनीकरणाची तारीख मिळायलाच कधी कधी आठवडे जातात.

कमर्शियल पायलट लायसन्सचं गणित थोडं बारकाईने बघावं लागतं. एकूण २०० तास हवेत, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पायलट-इन-कमांडच्या (विमानाची जबाबदारी स्वतःवर असतानाच्या) १०० तासांपैकी किमान १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेले असावे लागतात, ही अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. चाचण्याही अर्जाच्या वेळी ताज्या असाव्या लागतात. पावसाळ्यात नेमकं हेच अंगाशी येतं. फेब्रुवारीत उत्तम उडालेले तास जुलै-ऑगस्टमध्ये जुने व्हायला लागतात, चेक पुढे ढकलली जाते, आणि एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने निसटतं. सगळ्यात आधी संपणारी तारीख शोधा आणि तिथून मागे मोजत या. वाटेत पावसाळा असेल तर किमान महिनाभर मोकळा सोडा. हा कागद सीएफआय (मुख्य उड्डाण प्रशिक्षक) सरांना दाखवून त्यांच्याकडून तपासून घ्या.

कोणत्या चेकला किती आभाळ लागतं

नवखी मुलं इथे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

नियम सांगतो की दृश्य उड्डाणासाठी, म्हणजे व्हीएफआरमध्ये, कंट्रोल झोनमधून (विमानतळाभोवतालच्या नियंत्रित हवाई क्षेत्रातून) उड्डाण करायचं तर दृश्यता ५ किलोमीटर आणि ढगांचं सीलिंग (आभाळ झाकणाऱ्या थराचा पाया) १५०० फूट हवं. ढगांपासून आडवं अंतर १५०० मीटर आणि उभं १००० फूट राखायचं. मुलं हे आकडे बघतात, मेटारमध्ये (विमानतळाच्या ताज्या हवामान अहवालात) सीलिंग २००० फूट दिसतं आणि म्हणतात, ‘झालं, नियमात बसतंय.’ बसतं खरं, पण तेवढ्यात तुमची चाचणी पूर्ण होत नाही.

जनरल फ्लाइंग टेस्टचा विचार करा. स्टॉल (पंखांची उचल तुटणं), स्टीप टर्न (तीव्र वळण), इंजिन बंद पडल्याचा सराव हे सगळं जमिनीपासून साधारण ३००० फुटांवर करायचं असतं. वर ढगांपर्यंत १००० फूट मोकळे हवेत. म्हणजे ढगांचा पाया जमिनीपासून ४००० फुटांच्या खाली असेल तर सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि लँडिंग होतील, वरचं काम राहून जाईल. नुसत्या सर्किटच्या सोलो (एकट्याने उडण्याच्या) चेकला २००० फूट पुरू शकतात. तेव्हा ‘उडता येईल का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘माझ्या चाचणीतलं शेवटचं कलमसुद्धा करता येईल का?’ असं विचारा.

दिवसाच्या क्रॉस कंट्री चाचणीचं दुखणं वेगळं. कमर्शियलसाठी किमान २५० नॉटिकल मैल, येताना वेगळा मार्ग, आणि मध्ये दुसऱ्या विमानतळावर उतरून थांबणं. जळगावहून ओझर, तिथून छत्रपती संभाजीनगर आणि परत जळगाव असा त्रिकोण काढला तर सुमारे २६० नॉटिकल मैल भरतात. शंभर नॉटच्या (ताशी शंभर नॉटिकल मैल वेगाच्या) विमानाला नुसते हवेतच अडीच तासांच्या वर लागतात. जमिनीवरचा वेळ धरला तर चार तास चांगली हवा पाहिजे, आणि तीही तीन ठिकाणी एकदम. शिवाय जाता-येता सातमाळा-अजिंठ्याची रांग दोनदा ओलांडायची. जळगावात ऊन पडलेलं असतं आणि अजिंठ्याच्या माथ्यावर ढग टेकलेले असतात, हे श्रावणात रोजचं आहे.

रात्रीच्या चाचणीत ढग दिसतच नाहीत. सातपुड्याच्या बाजूला दिवे विरळ, क्षितिज हरवतं. त्यामुळे रात्रीसाठी हवेच्या अटी दिवसापेक्षा कडक ठेवा. धावपट्टीच्या दिव्यांची नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) आणि टॉवरची वेळ वाढवून लागणार असेल तर ती विनंती आधीच पोचलेली असू द्या. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (फक्त उपकरणांवर बघून उडण्याच्या पात्रतेचा) सराव ढगांसाठीच असतो हे खरं, पण पावसाळी ढगांत गडगडाटी ढग दडलेले असतात, आणि शिकाऊ विमानावर हवामानाचं रडार नसतं. तिथे वाद घालू नका.

खान्देशचं वर्ष ओळखा

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधून पूर्व-पश्चिम तापी. पश्चिमेचा वारा या खोऱ्यातून सरळ वाहतो, आणि जळगावची धावपट्टीही पूर्व-पश्चिम, शून्य-नऊ आणि दोन-सात (दोन टोकांचे दिशेवरून पडलेले आकडे, ०९ आणि २७) अशी आहे. म्हणून पावसाळ्यातला जोराचा वारा बऱ्याचदा समोरूनच मिळतो. तो नैऋत्येला सरकला की मात्र आडवा लागतो. धावपट्टी २७ वर २३० अंशांवरून २० नॉट वारा असेल तर आडवा भाग साधारण १३ नॉट होतो. सेस्ना १७२ विमानाच्या पुस्तकात चाचणीत दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉट आहे, आणि शिकाऊंसाठी तुमच्या संस्थेची मर्यादा त्याहून कमी असते. झोत आले तर झोताचा आकडा धरून हिशोब करा.

मार्च ते मे: पाऊस नाही म्हणून हे महिने सोपे वाटतात. पण दुपारी पारा ४३ च्या पुढे गेला की जळगावच्या धावपट्टीवर डेन्सिटी अल्टिट्यूड (तापलेल्या विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ४००० फुटांच्या वर जातं. विमान जड होतं, चढत नाही. वावटळी उठतात, गरम हवेचे हेलकावे बसतात आणि उंची राखणं अवघड होतं. याच दिवसांत अवकाळीचं सावट असतं. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या करणारा वारा दुपारनंतर अर्ध्या तासात उभा राहतो. उन्हाळ्यातली चेक सकाळी सूर्योदयानंतर लगेच ठेवा, नऊ-साडेनऊला विमान परत जागेवर उभं असावं.

जूनचा मध्य ते सप्टेंबर: आपल्याकडे कोकणासारखी सततची झड कमी, उघडीप जास्त. सकाळी ढग खाली असतात, दहा-अकराच्या सुमारास पाया वर सरकतो, दुपारी तीननंतर पुन्हा ढगांची बांधणी सुरू होते. उन्हाळ्यातली सकाळची सवय इथे मोडावी लागते. अकरा ते दोन ही वेळ पुष्कळदा कामी येते.

परतीच्या पावसात विजा जास्त. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चेकसाठी सर्वांत चांगले, फक्त थंडीत सकाळी तापी-गिरणेच्या काठाने धुकं आणि धुराचा थर बसतो. तेव्हा नऊच्या आधीची वेळ मागू नका, आणि डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आत होतो हे क्रॉस कंट्रीला विसरू नका.

परीक्षकांकडून एक तारीख मागू नका

सलग तीन-चार दिवस मागा. डीजीसीएमान्य (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेले) परीक्षक पुष्कळदा बाहेरून येतात. जळगाव आणि भुसावळ मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहेत, रात्री बसलेला माणूस सकाळी इथे उतरतो. धुळ्याला चाळीसगावहून फाटा आहे किंवा रस्त्याने यावं लागतं, आणि शिरपूर मुंबई-आग्रा महामार्गावर. पावसाळ्यात हा प्रवास धरून परीक्षकांचा एकेक दिवस किमती होतो. म्हणून एकट्यासाठी बोलावण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून बोलवा. अकराला उघडलं तर ज्याची चाचणी दीड तासात होते तो निघेल, दिवसभर उघडीप असेल तर क्रॉस कंट्रीवाला निघेल. कोण आधी जाणार यावरून त्या दिवशी भांडू नका. हवेप्रमाणे क्रम बदलेल हे आदल्या आठवड्यातच आपसात ठरवून घ्या.

मिळालेल्या दिवसांपैकी सर्वांत चांगला दिवस सर्वांत लांब चाचणीला द्या. तोंडी भाग आणि कागदपत्रं झडीच्या सकाळी उरकून टाका. विमानाची सर्व्हिसिंग त्याच आठवड्यात येत नाही ना, हे इंजिनिअर साहेबांना विचारा. हवा उघडली आणि विमान हँगरमध्ये खोललेलं, असं झालं तर दोष पावसाला देता येत नाही.

पैशाचंही आधी विचारा: हवेमुळे रद्द झालं तर परीक्षकांचा प्रवास आणि मुक्काम कोण देणार, विमानाचे तास कसे धरणार. हे विचारण्यात संकोच नको. घरचे पीककर्जाच्या जोडीला शैक्षणिक कर्ज काढून तुम्हाला शिकवत असतील तर या आकड्यांना फार अर्थ आहे.

सात दिवस आधीपासून धावपट्टीपर्यंत

सात दिवस आधी भारतीय हवामान विभागाचा विस्तारित अंदाज बघा. त्यातून एवढंच कळतं की मान्सून जोरात आहे की खंड पडलाय, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का. तसं क्षेत्र मध्य प्रदेशाकडे सरकलं की आपल्याकडे दोन-तीन दिवस ढग आणि वारा वाढतो. या टप्प्यावर काहीही रद्द करू नका, फक्त परीक्षकांना चित्र सांगा.

तीन दिवस आधी जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा असेल तर लक्ष ठेवा. नारंगी असेल तर राखीव दिवसाची तयारी सुरू करा.

आदल्या संध्याकाळी टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज) वाचा, आणि इथे घाई करू नका. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवा. शून्य-तीन ते बारा यूटीसी म्हणजे आपले सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. ‘बीकमिंग’ म्हणजे बदल होईल आणि टिकेल. ‘टेम्पो’ म्हणजे अधूनमधून, प्रत्येक वेळी तासाभरापेक्षा कमी, आणि एकूण त्या मुदतीच्या निम्म्याहून कमी वेळ. नवखी मुलं टेम्पो शब्द बघून खूश होतात, की तात्पुरतंच आहे. पण चार तासांच्या टेम्पोमध्ये गडगडाटी पाऊस लिहिलेला असेल तर एखादी पाऊण तासाची सर नेमकी तुम्ही उतरायच्या वेळी धावपट्टीवर येऊ शकते. चेकसाठी टेम्पोमधलं गडगडाटी वादळ हे वादळच समजा. ‘प्रॉब ३०’ असेल तर तीस टक्के शक्यता आहे, आणि तेवढी सोलोला नको म्हणायला मला पुरेशी वाटते.

आपल्या स्टेशनबरोबर नाशिक, संभाजीनगर, सुरत आणि इंदूरही बघा. जळगावच्या चारी बाजूंना काय चाललंय ते कळतं. पश्चिमेकडून येणारा पाऊस आधी नवापूर-नंदुरबारला, मग साक्री-धुळ्याला आणि नंतर जळगावला पोचतो. तिकडे मामा, मावशी, मित्र असतील तर फोन करा. ‘पानी पडी ऱ्हायना का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. अर्थात निर्णय अधिकृत अहवालावरच घ्यायचा, फोन फक्त जोडीला.

मग परीक्षकांना असा निरोप पाठवा:

‘नमस्कार सर. उद्याच्या जनरल फ्लाइंग टेस्टबद्दल. आताचा अंदाज पाहिला. सकाळी ढगांचा पाया सुमारे २००० फूट, अकरानंतर वर जाईल असं दिसतं, तीननंतर विजांसह पावसाची शक्यता आहे. साडेअकरा ते एक ही वेळ योग्य वाटते. तोंडी भाग नऊला घेता आला तर बरं होईल. पहाटे पुन्हा बघून सहापर्यंत कळवतो. सीएफआय सरांशी बोललो आहे.’

यात तुम्ही काय पाहिलं, त्यावरून काय ठरवलं आणि पुढचा निरोप कधी देणार, हे तिन्ही आलं. ‘सर, उद्या होईल ना?’ असा निरोप पाठवून निर्णय त्यांच्या गळ्यात घालू नका.

पहाटे मेटार बघा. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला ४०० ने गुणा, दुपारच्या गोळा ढगांचा पाया फुटांत साधारण कळतो. २९ आणि २५ असेल तर १६०० फूट, म्हणजे अजून बसा. ३१ आणि २१ झालं की ४०००, म्हणजे विमानाची तपासणी सुरू करायला हरकत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, वीज किती जवळ पडतेय ते त्यावर दिसतं.

आणि पावसाची सर येऊन गेल्यावर लगेच विमानाकडे पळू नका. पाऊस थांबला म्हणून कुणी लगेच तिफण जुंपत नाही, वाफसा यायची वाट बघतो. तसं इथेही तासभर थांबा. ओल्या जमिनीवर खालचे ढग पुन्हा जमतात, धावपट्टीवर पाणी असतं, आणि मागून दुसरी सर येतेय का तेही तेवढ्यात कळतं.

नकार कसा द्यायचा

तुमच्या मर्यादा आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा: सीलिंग, दृश्यता, आडवा वारा, वीज किती अंतरावर. सकाळी त्यातली एक जरी मोडली तर आज उड्डाण नाही. परीक्षक दोनशे-चारशे किलोमीटरवरून आलेत, फी भरलीय, बॅचमधल्या मित्राची काल झाली, हे सगळं मनात येणारच. त्या वेळी तो कागद उघडा आणि सरळ सांगा: ‘सर, सीलिंग २२०० आहे, माझी मर्यादा ४०००. एक वाजता पुन्हा बघू या का?’ चांगल्या परीक्षकांना हे वाक्य आवडतं. परीक्षकांनीच ‘चल, होईल’ म्हटलं आणि तुम्हाला पटत नसेल तर सीएफआय सरांना बोलवा. शिकाऊ असलात तरी हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

हवेत असताना बिघडलं तर

उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: हवा बिघडली तर चाचणी थांबवायची हे कोण बोलणार, झालेला भाग धरला जाईल का, आणि त्याची नोंद कशी होईल. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मित्रांकडून तुम्ही ऐकलं असेल की तिथे हवेमुळे चाचणी अर्धवट राहिली तर परीक्षक ‘लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स’ देतात आणि उत्तीर्ण झालेला भाग ६० दिवस ग्राह्य राहतो. ती तिथली पद्धत. तिच्यावर विसंबून इथलं नियोजन करू नका.

गडगडाटी ढगाच्या पुढे गार वाऱ्याची लाट येते. पाऊस अजून पंधरा किलोमीटरवर असतो आणि धावपट्टीवरचा वारा फिरतो. जोरदार वादळापासून २० नॉटिकल मैल दूर राहावं असं सांगतात ते याचसाठी. पश्चिमेला आभाळ काळवंडलं, टॉवरने सांगितलेला वारा आधीच्या वाऱ्याशी जुळेना झाला, की परत फिरा. परतणं शक्य नसेल तर वळवण्याचा विमानतळ आधीच ठरलेला असावा आणि तिथवर जाऊन वर राखीव वेळेचं इंधन उरावं. वळवून सुखरूप उतरलात तर चाचणी पुन्हा द्यावी लागेल, एवढंच.

वाट बघण्याचे दिवस

आठ-दहा दिवस उड्डाण नाही झालं की हाताची सवय मोडते. लँडिंगचा अंदाज सगळ्यात आधी जातो. म्हणून राखीव दिवस ठरवताना त्याच्या आदल्या दिवशी प्रशिक्षकांसोबत एक सॉर्टी (सराव उड्डाण) धरा, निदान तीन-चार सर्किट तरी. सिम्युलेटर असेल तर वेळ लावा. नसेल तर खोलीत खुर्चीवर बसून चेकलिस्ट मोठ्याने म्हणत पूर्ण चाचणी करा, हात जिथे जायला हवा तिथे न्या. तोंडी परीक्षेत हवामानावर हमखास विचारतात. आज चेक का रद्द झाली ते मेटार आणि टॅफसह वहीत लिहून ठेवलंत तर तयारी आपोआप होते.

घरच्यांना तारीख सांगू नका, आठवडा सांगा. पेढ्यांची ऑर्डर, परतीचं तिकीट, मित्रांचं जेवण, काहीही एका दिवसाला बांधू नका. आईबाबांचे रोजचे फोन काळजीपोटी असतात, पण ‘झाली का रे?’ या प्रश्नाचं ओझं उड्डाणाच्या सकाळी खांद्यावर नको. त्यांना आधीच समजावून सांगा की दोनदा रद्द होणं हे नापास होणं नव्हे, आणि फोन तुम्हीच कराल.

रद्द झालं की त्याच संध्याकाळी पुढचे दिवस मागा, परीक्षक परतीच्या गाडीत बसायच्या आधी. आणि पहिल्या पानावर लिहिलेल्या मुदती पुन्हा एकदा मोजा.